रिव्हेरानंतर दुसरा कोण? आणि क्लोजरला विली मेजच्या पंगतीत बसवायचं का?

प्रश्न दोन आहेत. पहिला: मारियानो रिव्हेरा हा बेसबॉलमधला सर्वोत्तम क्लोजर, म्हणजे आघाडी राखून सामना संपवायला शेवटी येणारा पिचर (चेंडू टाकणारा), यावर कुणाचंच दुमत नाही, मग दुसरा नंबर कुणाचा? ट्रेव्हर हॉफमन, डेनिस एकर्सली, बिली वॅग्नर की गूस गॉसेज? दुसरा: २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या दालनाच्या, निवडीत रिव्हेराला सगळीच्या सगळी ४२५ मतं मिळाली. हे भाग्य दंतकथा झालेल्या बॅटरांनाही, बेब रूथला लाभलं नाही, विली मेजला नाही, हँक एरनलाही नाही. तर मग तो यांच्याही वरचा का?

विचारणारे गृहस्थ क्रिकेट बघत मोठे झालेले आणि हल्लीच बेसबॉलच्या नादी लागलेले आहेत. मी इकडे न्यू जर्सीत शाळकरी आणि हौशी लीगमध्ये बरीच वर्षं स्कोअरबुक भरतो आणि पोरांना पिचिंग शिकवतो. त्यामुळे ‘सेव्ह’ या आकड्याशी माझं रोजचं भांडण आहे. उत्तर आधीच देऊन टाकतो: दुसरा गॉसेज. आणि रिव्हेरा मेजच्या वर नाही, जवळही नाही. पण क्लोजरांपैकी ज्याचं नाव त्या गप्पांमध्ये निघू शकतं असा तो एकटाच.

सुरुवात सेव्हपासूनच करायला हवी, कारण सगळा घोळ तिथे आहे. जेरोम होल्ट्झमन या शिकागोच्या क्रीडा पत्रकाराने हा आकडा काढला आणि १९६९ पासून तो अधिकृत झाला. आजचा नियम १९७५ चा. सामना जिंकून संपवणारा, पण विजय ज्याच्या नावावर लागत नाही असा पिचर, आणि पुढच्या तीनांपैकी एक अट पुरी व्हायला हवी. तीन किंवा कमी धावांची आघाडी असताना येऊन त्याने निदान एक इनिंग (सामन्यातल्या नऊ डावांपैकी एक) टाकावी; किंवा तो आला तेव्हा बरोबरीची धाव बेसवर, बॅटिंगला किंवा त्यानंतरच्या बॅटरच्या रूपाने तयार असावी; किंवा आघाडी कितीही असो, त्याने शेवटच्या तीन इनिंग्ज टाकाव्यात. या तिसऱ्या अटीची गंमत २२ ऑगस्ट २००७ रोजी बाल्टिमोरमध्ये झाली. टेक्सास रेंजर्सनी तो सामना ३०-३ असा जिंकला आणि वेस लिटलटनला सेव्ह मिळाला! तो आला तेव्हा आघाडी १४-३ होती. नियमाने त्यात काहीच चूक नाही. माझ्यासारख्या स्कोअररलाही तेच लिहावं लागलं असतं.

पण खरी अडचण ही नाही. तीन धावांची आघाडी घेऊन नववी इनिंग सुरू करणारा संघ शंभरातून सुमारे सत्त्याण्णव वेळा जिंकतोच, मग टाकायला कुणीही येवो. म्हणजे क्लोजरच्या नावावर जमा झालेल्या सेव्हचा मोठा हिस्सा असा असतो, जिथे मधल्या फळीतल्या पिचरनेही काम भागवलं असतं. सेव्ह किती मिळतील हे मॅनेजर ठरवतो, संघ किती वेळा थोडक्यात पुढे असतो त्यावर ठरतं, आणि मग पिचरवर. फ्रान्सिस्को रॉड्रिगेजने २००८ मध्ये एका हंगामात ६२ सेव्ह घेतले, तो विक्रम आहे. त्या वर्षीचा जगातला सर्वोत्तम पिचर तो होता असं मात्र तेव्हाही कुणी म्हटलं नाही.

हा आकडा मॅनेजरांच्या डोक्यात किती भिनला होता ते बघायचं तर २०१६ ची अमेरिकन लीगची वाइल्ड कार्ड लढत बघा. बाल्टिमोरचा झॅक ब्रिटन त्या हंगामात ४७ पैकी ४७ सेव्ह घेऊन आला होता. त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंग्जमागे त्याच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, ०.५४ होता. टोरंटोत सामना बरोबरीत अडकला, जादा इनिंग्ज सुरू झाल्या. हरलात तर हंगाम संपला. ब्रिटन बुलपेनमध्ये (राखीव पिचर बसतात त्या जागी) बसून राहिला, कारण मॅनेजर बक शोवॉल्टर आघाडी मिळण्याची वाट बघत होते. अकराव्या इनिंगमध्ये एडविन एन्कार्नासिओनने उबाल्डो हिमेनेजला होम रन (षटकारासारखा थेट मैदानाबाहेरचा फटका) ठोकला आणि बाल्टिमोरचा हंगाम तिथेच आटोपला. जगातला त्या वर्षीचा सर्वात अवघड पिचर एकही चेंडू न टाकता घरी गेला. परदेशी मैदानावर बरोबरीत असताना सेव्हची संधीच नसते ना!

म्हणून क्लोजरची तुलना करताना मी सेव्हचा रकाना झाकून ठेवतो आणि तीन गोष्टी बघतो: किती आउट काढले, ते किती अडचणीच्या वेळचे होते, आणि किती वर्षं काढले. या तिन्हींना पुरून उरणारा एकच माणूस आहे.

रिव्हेरा पनामातल्या पुएर्तो काइमितो या मासेमारीच्या गावचा. १९९५ मध्ये तो न्यूयॉर्क यांकीजकडून स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) म्हणून आला आणि दहा सामन्यांत सुरुवात करून विशेष काही करू शकला नाही. त्या वर्षीचा ईआरए ५.५१. पुढच्या वर्षी क्लोजर होता जॉन वेटलंड आणि रिव्हेरा त्याच्या आधीच्या इनिंग्ज टाकायचा. १०७ इनिंग्जच्या वर, ईआरए २.०९, आणि वर्षातल्या सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तिसरा. सेव्ह फक्त पाच. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतलं सर्वात मोलाचं वर्ष कदाचित तेच असेल, पण सेव्हचे आकडे मोजणाऱ्यांना ते दिसतच नाही. कटर हा त्याचा चेंडू सापडला १९९७ मध्ये, सहकारी रामिरो मेंडोझाबरोबर नुसतं झेल झेल खेळताना: सरळ टाकलेला चेंडू शेवटच्या क्षणी आपोआप आडवा सरकू लागला. डावखुऱ्या बॅटरच्या मुठीकडे घुसणाऱ्या त्या चेंडूने किती बॅटी मोडल्या त्याची गणती नाही. एरवी उजव्या हाताच्या पिचरला डावखुरे बॅटर जड जातात. रिव्हेरासमोर तेही उजव्यांइतकेच लाचार. दोन्ही हातांनी खेळणारे काही जण तर त्याच्यासमोर उलट्या बाजूला उभे राहायचे. बॅटरला ठाऊक असायचं काय येणार आहे. तरी उपयोग नाही.

शिकवणारा म्हणून मला त्यात सगळ्यात थक्क करतं ते त्याचं पुन्हा पुन्हा तेच करणं. त्याच्या फेकीत ना झटका, ना हिसका. पोरांना मी त्याची चित्रफीत दाखवतो आणि आवाज बंद ठेवतो. पहिल्या आणि विसाव्या चेंडूत फरक शोधा म्हणतो. सापडत नाही.

६५२ सेव्ह हा त्याचा विक्रम सगळ्यांना पाठ आहे. मी वेगळा आकडा सांगतो. प्लेऑफमध्ये, म्हणजे समोर फक्त चांगलेच संघ उरतात तेव्हा, त्याने ९६ सामन्यांत १४१ इनिंग्ज टाकल्या आणि ईआरए होता ०.७०. एवढ्या सगळ्यात दोनच होम रन दिले, क्लीव्हलंडच्या सँडी अलोमारला १९९७ मध्ये आणि मेट्सच्या जे पेटनला २००० मध्ये. २००३ मध्ये बोस्टनच्या रेड सॉक्सविरुद्धच्या सातव्या सामन्यात तो बरोबरी असताना आला आणि सलग तीन इनिंग्ज टाकल्या. मग यांकीजच्या आरन बूनने तो होम रन मारला जो सगळ्यांना आठवतो. सेव्ह नाही मिळाला तेव्हा, विजय मिळाला.

आणि हो, तो हरलाही आहे. ४ नोव्हेंबर २००१, फीनिक्स, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना, नववी इनिंग, यांकीज २-१ ने पुढे. मार्क ग्रेसचा सिंगल, मग एका बंटवर (बॅट नुसती लावून ढकललेल्या चेंडूवर) रिव्हेराचीच चुकीची फेक, टोनी वॉमॅकचा डबल, आणि शेवटी लुइस गॉन्झालेझने मोडक्यातोडक्या फटक्यावर चेंडू यांकीजच्या डेरेक जीटरच्या डोक्यावरून टाकला. २००४ मध्ये बोस्टनच्या डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला, तोही याच्याच समोर. पण बघा, त्याच्या हरण्याच्या गोष्टी लोकांना तपशिलासकट पाठ आहेत, कारण त्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत.

आता दुसऱ्या नंबरकडे. सेव्ह मोजायचे तर हॉफमन, ६०१. पाचशे आणि सहाशे गाठणारा तो पहिला. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर) म्हणून निवडला गेलेला हा माणूस पुढे पिचर झाला आणि नंतर वेग गेल्यावर चेंजअपच्या (वेगवान भासून हळू येणाऱ्या चेंडूच्या) जोरावर वर्षानुवर्षं टिकला. शिकण्यासारखं खूप आहे त्याच्याकडून. पण ईआरए २.८७, आणि जवळजवळ सगळं काम एकेका इनिंगचं. मी त्याला पाचवा ठेवतो आणि सॅन डिएगोच्या चाहत्यांचे शिव्याशाप स्वीकारतो.

वॅग्नर दर इनिंगच्या हिशोबाने रिव्हेराच्या सर्वात जवळ जातो. लहानपणी उजवा हात मोडला म्हणून डाव्याने टाकायला शिकलेला हा बुटका गडी नऊ इनिंग्जमागे बाराच्या आसपास स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) काढायचा, आणि समोरच्यांची बॅटिंग सरासरी होती .१८७. २०२५ मध्ये, मतदानाच्या दहाव्या आणि शेवटच्या वर्षी तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच्याविरुद्ध दोन गोष्टी आहेत. कारकिर्दीत फक्त ९०३ इनिंग्ज, आणि प्लेऑफमधला ईआरए दहाच्या वर. दुसरी मी फार मनावर घेत नाही, कारण त्या बाराहून कमी इनिंग्ज आहेत. एवढ्याशा नमुन्यावरून माणसाच्या काळजाची परीक्षा होत नाही. पहिली मात्र गंभीर आहे. सोळा हंगामांत नऊशे इनिंग्ज म्हणजे एखाद्या धडधाकट स्टार्टरची चार-साडेचार वर्षं.

एकर्सलीचं प्रकरण निराळं. तो आधी पक्का स्टार्टर होता. १९७७ मध्ये नो-हिटर (एकही हिट न देता संपवलेला सामना), १९७८ मध्ये बोस्टनकडून २० विजय. ऑकलंडमध्ये टोनी ला रुसा यांनी त्याला फक्त शेवटची इनिंग द्यायची पद्धत पक्की केली आणि आजचा क्लोजर जन्माला आला. १९९० मध्ये त्याने ७३ इनिंग्जच्या वर टाकून फक्त चार वॉक (चार वाइट चेंडूंवर बॅटरला मिळणारा फुकट बेस) दिले. चार! सेव्ह ४८, ईआरए ०.६१. मी ज्या पोरांना शिकवतो त्यांतले काही जण एका इनिंगमध्ये तेवढे वॉक देतात. १९९२ मध्ये साय यंग आणि एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) दोन्ही पुरस्कार त्याच्याकडे. एकाच हंगामावर निकाल लावायचा तर १९९० चा एकर्सली कुणालाही मागे टाकेल, रिव्हेरालाही. लोक मात्र १९८८ च्या वर्ल्ड सिरीजमधला कर्क गिब्सनचा होम रन घेऊन बसतात: दोन आउट, दोन्ही पायांनी अधू झालेला बॅटर, आणि पूर्ण काउंटवर (तीन बॉल, दोन स्ट्राइक) टाकलेला स्लायडर, म्हणजे आडवा वळणारा चेंडू. त्याच्या आधी एकर्सलीने माइक डेव्हिसला वॉक दिला होता. वॉक न देणाऱ्या माणसाने दिलेला एक वॉक! मला त्या सामन्यात होम रनपेक्षा तो वॉक जास्त सलतो.

तरी दुसरा गॉसेज, आणि कारण आहे आउट. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर आजचा क्लोजर फक्त विसावी ओव्हर टाकतो. गॉसेज चौदाव्या ओव्हरला यायचा, फलंदाज जमलेले असताना, आणि सामना संपेपर्यंत चेंडू सोडायचा नाही. १९७५ मध्ये १४१ इनिंग्ज, १९७७ मध्ये पिट्सबर्गकडून १३३ इनिंग्ज, १५१ स्ट्राइकआउट आणि ईआरए १.६२, १९७८ मध्ये यांकीजकडून १३४. सात किंवा अधिक आउट काढून कमावलेले सेव्ह त्याच्या नावावर पन्नासहून अधिक आहेत. हॉफमनच्या नावावर दोन, रिव्हेराच्या नावावर एक. यात रिव्हेराचा दोष नाही, त्याचा काळ वेगळा. पण ओझं उचललं ते उचललं.

२ ऑक्टोबर १९७८ ची बोस्टनमधली ती एका सामन्याची लढत घ्या. दोन्ही संघ बरोबरीत, एक सामना आणि विजेता पुढे. त्या वर्षी २५ विजय, ३ पराभव अशी कामगिरी करणाऱ्या रॉन गिड्रीच्या जागी गॉसेज सातव्या इनिंगमध्येच आला. दोन धावा दिल्या, घाम फुटला, आघाडी ५-४ वर आली. नवव्या इनिंगमध्ये दोन आउट, बरोबरीची धाव तिसऱ्या बेसवर, जिंकणारी पहिल्यावर, बॅटिंगला कार्ल यास्ट्रझेमस्की. चेंडू उंच उडाला आणि तिसऱ्या बेसवरच्या ग्रेग नेटल्सने झेलला. हॉल ऑफ फेममध्ये जायला त्याला २००८ पर्यंत वाट बघावी लागली, कारण मधल्या काळात मतदार ३१० सेव्हची तुलना नव्या पिढीच्या चारशे-पाचशेंशी करत बसले.

रोली फिंगर्स, ब्रूस सटर, ली स्मिथ हे सगळे मानाचे, पण या भांडणात ते मला निर्णायक वाटत नाहीत. एरिक गान्येचे सलग ८४ सेव्ह हा थरारक विक्रम. त्याचं नाव पुढे उत्तेजकांवरच्या मिचेल अहवालात आलं, म्हणून मी तो बाजूला ठेवतो. होइट विल्हेल्म मात्र विसरू नका. युद्धात लढून आलेला, तिशीच्या उंबरठ्यावर १९५२ मध्ये पदार्पण केलेला हा नकलबॉलवाला (जवळजवळ न फिरता हेलकावणारा चेंडू टाकणारा) पन्नाशी जवळ येईपर्यंत खेळला, २,२५४ इनिंग्ज टाकल्या आणि हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारा पिचर) ठरला. तो आजच्या अर्थाने क्लोजर नव्हता म्हणून यादीबाहेर. ‘रिलीव्हर’ असा प्रश्न असता तर गॉसेजशी त्याची खरी झुंज लागली असती.

आता दुसरा प्रश्न. रिव्हेराने १९ हंगामांत १,२८३ इनिंग्ज टाकल्या. वॉल्टर जॉन्सनने ५,९०० च्या वर. रॉजर क्लेमेन्सने ४,९०० च्या वर. बॅटिंग करणारा तारा वर्षाला साडेसहाशे वेळा बॅट घेऊन उभा राहतो आणि शिवाय हजार-बाराशे इनिंग्ज फील्डिंग करतो. म्हणून वॉर (साध्या बदली खेळाडूपेक्षा किती जास्त विजय मिळवून दिले) या एकत्रित मोजमापात रिव्हेरा साधारण ५६ वर थांबतो, मेज १५६ च्या आसपास जातो आणि रूथ १८० च्या पुढे. हे मोजमाप क्लोजरला अडचणीच्या इनिंग्जचे वाढीव गुणही देतं, तरी ही दरी. रिक रॉयशेल हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. २१४ विजय मिळवलेला स्टार्टर, वॉर ७० च्या जवळ, आणि हॉल ऑफ फेमच्या बाहेर. तुमचा संघ उभा करताना रॉयशेलची वीस वर्षं घ्याल की रिव्हेराची? मन रिव्हेरा म्हणतं. मॅनेजर होतो तेव्हा मी निदान थांबून विचार करीन.

अटलांटाने तो विचार प्रत्यक्षात केला. जॉन स्मोल्ट्झ हा स्टार्टर दुखापतीनंतर क्लोजर झाला, २००२ मध्ये ५५ सेव्ह घेऊन बसला, आणि २००५ मध्ये संघाने त्याला परत स्टार्टर केलं. सर्वोत्तम क्लोजर हातात असताना! कारण दोनशे इनिंग्ज सत्तर इनिंग्जपेक्षा जास्त असतात. चांगला स्टार्टर क्लोजर होऊ शकतो. उलटा प्रवास फार थोड्यांना जमतो.

आणि सगळं पणाला लागतं तेव्हा मॅनेजर काय करतात तेही बघा. २०१४ च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना कॅन्सस सिटीत मॅडिसन बमगार्नरने संपवला, दोन दिवसांच्या विश्रांतीवर पाच इनिंग्ज टाकून. तो स्टार्टर. २०१८ मध्ये शेवटची इनिंग ख्रिस सेलने टाकली, तोही स्टार्टर. २०२५ मध्ये टोरंटोत योशिनोबू यामामोतोने सहावा सामना सुरू केला आणि दुसऱ्या दिवशी सातवा संपवला. २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकच्या अंतिम सामन्यात जपान ३-२ ने पुढे असताना नवव्या इनिंगला आला तो शोहेई ओहतानी, आणि शेवटचा स्ट्राइकआउट त्याने काढला माइक ट्राउटचा. सेव्ह ओहतानीच्या नावावर.

मेजबद्दल थोडं, कारण तुम्ही त्याच्याच नावाने विचारलंत. ६६० होम रन, फील्डिंगसाठीचे बारा गोल्ड ग्लव्ह, आणि तेही लष्करी सेवेमुळे १९५२ चा बहुतेक आणि १९५३ चा अख्खा हंगाम गेल्यावर. रूथने बॅटिंगशिवाय पिचर म्हणूनही कारकिर्दीत ९४ सामने जिंकले, आणि वर्ल्ड सिरीजमध्ये सलग २९ हून जास्त इनिंग्ज एकही धाव दिली नव्हती. माझ्या यादीत तरी मेज पहिला, कारण रूथ ज्या लीगमध्ये खेळला तिथे कृष्णवर्णीयांना दार बंद होतं. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या नीग्रो लीगचा तारा जॉश गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये पस्तिसाव्या वर्षी गेला. ती बंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरायला तेव्हा तीन महिने बाकी होते. २०२४ मध्ये नीग्रो लीगचे आकडे अधिकृत धरले आणि कारकिर्दीच्या सरासरीत .३७२ सह गिब्सन टाय कॉबच्या वर गेला. बॅरी बॉण्ड्सला २००४ मध्ये १२० वेळा जाणूनबुजून वॉक दिला गेला, एवढी त्याची दहशत. उत्तेजकांचं सावट नसतं तर मेजला आव्हान त्याचंच होतं.

मग शंभर टक्के मतांचं काय? मेजला ४३२ पैकी ४०९ मिळाली होती. ज्या तेवीस जणांनी त्याला वगळलं त्यांच्याबद्दल तो आकडा काही सांगतो, मेजबद्दल काहीच नाही. पूर्वी ‘पहिल्याच वर्षी कुणालाच सगळी मतं नकोत’ अशी मतदारांत एक खोड होती. हल्ली मतपत्रिका जाहीर करायची चाल पडली, टीका होते, खोड कमी झाली. रिव्हेरा त्या बदलत्या हवेत आला आणि त्याच्याविरुद्ध कुणाला बोट दाखवायला जागा नव्हती. ४२ हा रॉबिन्सनचा क्रमांक १९९७ मध्ये सगळ्या लीगमधून निवृत्त झाला. आधीपासून वापरणाऱ्यांना सूट होती आणि त्यांतला शेवटचा रिव्हेरा, यानेही त्याच्याबद्दलचा आदर वाढलाच.

मग सध्याच्यांपैकी कोण, हेही ओघाने आलंच. क्युरासाओचा केनली जॅन्सन, आधी कॅचर होता, रिव्हेरासारखाच कटरवर जगला, साडेचारशेच्या वर सेव्ह. क्रेग किम्ब्रेलने २०१२ मध्ये समोर आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक बॅटर स्ट्राइकआउट केले, पण पुढे तो घसरला. अरोल्डिस चॅपमनचा २०१० मधला ताशी १७० किलोमीटरचा चेंडू आजही सर्वात वेगवान म्हणून नोंदला जातो. तिघांतून एक निवडायचा तर जॅन्सन, सातत्यासाठी. वॅग्नरच्या खाली, हॉफमनच्या शेजारी.